ग्लदानीतला उतरलेला सूर

शहराच्या कडेच्या ग्लदानी वस्तीतल्या त्या नऊ मजली इमारतीत सातव्या मजल्यावरच्या शाळकरी नेस्तानचा हात पियानोवर चुकला की भिंतीतल्या नळावर चमचा वाजायचा. घरं गरम ठेवायचे ते जुने लोखंडी नळ वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या घरांतून गेलेले. गरम पाणी त्यांतून कधीचं बंद झालं होतं, पण आवाज बरोबर पोचायचा. चौथ्या मजल्यावरच्या गुलिकोचा चमचा एकदा वाजला की समजायचं चूक झाली, दोनदा वाजला की समजायचं पुन्हा वाजव. ही गुलिको जन्मात कधी पियानोपुढे बसली नव्हती. नाट्यगृहाच्या दारात लोकांचे कोट सांभाळण्यात तिची नोकरी सरली, आणि कोटांबरोबर संगीतही लोक आपल्याच ताब्यात देऊन आत जात होते, असं तिला म्हातारपणी वाटायला लागलं.

ओतारीची तऱ्हा वेगळी. तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि दिवसभर दारातल्या बाकावर सोंगट्या खेळायचा. पियानो लिफ्टमध्ये मावेना तेव्हा जिन्यावरून वर नेताना एक कोपरा त्याने धरला होता. त्या दिवसापासून नेस्तानच्या शिक्षणाचाही एक कोपरा आपल्या खांद्यावर आहे असं तो धरून चालला. "आज डावा हात जड पडला हं," असं तो पोरीला शाळेतून येताना अडवून सांगायचा. इमारतीत असे पुष्कळ होते. कुणी पियानोचा पाय धरला होता, कुणी दार काढून दिलं होतं, कुणी नुसतंच "सांभाळून, सांभाळून" म्हटलं होतं. ज्यांनी नुसतं "सांभाळून" म्हटलं होतं त्यांची बोलणी सगळ्यांत लांब.

लामाराला हे सगळं चालायचं. चालायचं कसलं, आवडायचं. ही नेस्तानची आजी. पावाच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून, तापल्या भिंतीला पाव थापून तिनं उभा जन्म काढला. शाळा चौथीत सुटली. जीभ मात्र अशी की भट्टीवरचे हमाल तिच्यासमोर टोपी काढून बोलायचे. मुलगी इटलीत परक्यांची म्हातारी माणसं सांभाळायला गेली तेव्हा नात लामाराच्या पदरात आली, आणि लामारानं ठरवून टाकलं की या पोरीचे हात पिठात जाणार नाहीत. सगळी इमारत पोरीचं ऐकते, पोरीवर बोलते, याचा तिला ताठा होता. "तुमच्या पोरींची कोण चूक काढतं? चूक काढायला आधी काही करावं लागतं," असं ती बाकावर बसून बायकांना सुनवायची.

त्या वर्षी नेस्ताननं संगीतकार शोपेनची एक लांब, अवघड रचना हातात घेतली. ती आधी हळूहळू चालते, मध्ये गोड बोलते, आणि शेवटी अशी सुटते की बोटांखाली जाळ होतो. मधल्या गोड भागात हात वर चढत जातो आणि पार उजव्या टोकाजवळच्या एका सुरावर जाऊन बसतो. तिथं क्षणभर सगळं थांबतं. तो सूर आला की लामारा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर यायची आणि दारात उभी राहायची. तो सूर असा काही खाली झुकलेला, असा दुखरा होता की तिच्या काळजात कालवायचं. मुलगी आठवायची, मेलेला नवरा आठवायचा. नेस्तान मान वळवून आजीकडे बघायची, आजी मान हलवायची, मग पोर पुढे जायची. वर्षभर हा नेम कधी चुकला नाही. खाली गुलिकोलाही तो सूर ठाऊक होता, ओतारीलाही. "तो रडका सूर आला की मी फासा टाकतच नाही," असं ओतारी म्हणायचा.

स्पर्धा शहरातल्या मोठ्या सभागृहात होती. जिंकलेल्याला परदेशी नामांकित गुरूकडे शिकायला जायला मिळणार होतं, आणि नेस्तानचं वय असं की या खेपेला नाही तर कधीच नाही. पहिल्या फेरीला इमारतीतली दहा-बारा माणसं मिनीबसमध्ये कोंबून गेली. गुलिकोनं केसांना रंग लावला होता. ओतारीनं जावयाचा कोट घातला होता. उजव्या अंगाला, तिसऱ्या रांगेत सगळे बसले. तिथून वाजवणाऱ्याचं तोंड दिसतं, असं गुलिकोनं सांगितलं, आणि कोट सांभाळणाऱ्या बाईला एवढं तरी ठाऊक असणारच.

नेस्तान आली, बसली, सुरुवात केली. लामाराचा श्वास आत गेला तो आतच राहिला. पोर छान वाजवत होती. इमारतीची माणसं प्रत्येक वळणावर एकमेकांना कोपरानं ढोसत होती, की बघ, आता हे येणार, आता ते येणार. गोड भाग आला. हात वर चढला. चढला, चढला आणि त्या सुरावर जाऊन बसला.

आणि तो सूर रडलाच नाही. काचेवर ऊन पडावं तसा लख्ख निघाला.

"वाय्मे! चुकली!" गुलिको ओरडली. तोंडावर हात ठेवला तो ओरडून झाल्यावर. ओतारी चुकचुकला. ती चुकचुक एवढी मोठी की पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून पाहिलं. आणि लामारानं काय केलं? लामारानं कपाळावर हात मारून घेतला. फाटकन. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

नेमकं तेव्हाच नेस्ताननं मान वळवली होती. तिनं आजीचा हात पाहिला.

मग काय व्हायचं ते झालं. शेवटचा जाळ सुरू झाला आणि डावा हात एकीकडे, उजवा दुसरीकडे, जणू दोघांची ओळखच नाही. पोर अडखळली, सावरली, पुन्हा घसरली, दात खाऊन टोकाला पोचली. उठली, वाकली, आत गेली. तिसऱ्या रांगेकडे तिनं पाहिलं नाही.

बाहेरच्या दालनात कॉफीच्या वासात सगळी दुनिया न्यायाधीश झालेली. एक मफलरवाला माणूस रचनांचं पुस्तक काखेत मारून सांगत होता, "शेवटी राख झाली हो, नुसती राख." दुसऱ्या कुणा मुलीची आई डोळे मिटून म्हणाली, "बिचारीचे हातच लहान आहेत." हिची स्वतःची पोर सकाळी वाजवून गेली होती. कुणाच्या काळजाला हात लागणार नाही अशी जपून. एकही सूर पडला नाही आणि एकही उभा राहिला नाही. तिला सगळे म्हणत होते, "काय स्वच्छ!" लामाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वच्छ तर धुतलेली बशीही असते. ती चाटून पोट भरतं का?

तिनं आधी आपल्या माणसांना धरलं.

"तुला लाज नाही, गुलिको? भर सभेत ओरडलीस? माझ्या हातचं खाऊन तुझे गाल वर आले, आणि माझ्याच पोरीच्या पाठीत सुरी?"

"मी काय केलं? चुकली म्हणून 'वाय' आलं तोंडातून."

"तोंडातून येतंच तुझ्या. पाण्याचा नळ तरी रात्री बंद होतो."

"मी तरी नुसतं 'वाय' म्हटलं," गुलिको म्हणाली, आणि तिनंही आता कमरेवर हात ठेवले. "कपाळावर हात कुणी मारला? मी?"

लामारा कोटाची बटणं लावायला लागली. ओतारीनं मध्ये पडायचं म्हणून म्हटलं, "जाऊ द्या. एक सूर चुकला म्हणून जग बुडत नाही," आणि दोघीही त्याच्यावर धावून गेल्या.

घरी परतताना नेस्तान सगळ्यांच्या पुढे होती. लिफ्ट नाणं घेतल्याशिवाय हलायची नाही, तिच्या डब्यात नाणं टाकलं, सातव्या मजल्यावर आली, कोट न काढताच पियानोपाशी गेली. लामारा मागून पुटपुटत होती, "झोप झाली नाही तुझी. सकाळी खाल्लं नाहीस. मी सांगत होते, अंडं खा. त्या उंच जागी बोट घसरलं ते पोटात काही नव्हतं म्हणून."

"बेबो, इकडे ये," नेस्ताननं आजीला हाक मारली. तिचा आवाज असा होता की लामारा गेली.

पोरीनं ती पट्टी दाबली. दुखरा, झुकलेला सूर निघाला. "हा आपला," ती म्हणाली. मग तिच्या शेजारची वरची काळी पट्टी दाबली. लख्ख, उन्हासारखा. "हा कागदावर लिहिलेला. शोपेननं लिहिलेला. आपल्या पियानोचं तिथलं लाकूड चिरलंय, खुंट्या तार धरत नाहीत. सूर लावणारा माणूस आला होता ना, तो म्हणाला, ओढली की सुटते, जिथं धरेल तिथं ठेवतो. या टोकाच्या दोन-तीन पट्ट्यांच्या तारा अर्धा सूर खाली ठेवल्या त्यानं. एवढ्या वर हात एरवी जात नाही, म्हणून कुणाला कळलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चुकले नव्हते. तिथं नव्हते चुकले. वर्षभर तू रडलीस ना, बेबो, ती चिरलेल्या लाकडावर रडलीस."

लामाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक तर चूक कळली होती, आणि ती पोरीच्या तोंडून कळली होती. "मग सांगितलं का नाहीस? वर्षभर मला दारात मूर्खासारखी उभी केलीस? तोंडात काय होतं तुझ्या?"

"तुला आवडायचा तो," नेस्तान म्हणाली. "तू काम टाकून बाहेर यायचीस. मग कसं सांगू?"

लामारानं झग्याला हात पुसले. ते कोरडेच होते.

"आज मी बरोबर वाजवला," पोर पुढे म्हणाली, "आणि तुझ्याकडे बघितलं. आणि तू कपाळावर हात मारलास."

तेवढ्यात फोन वाजला. मानाना मास, तिच्या शिक्षिका. नेस्तान दुसऱ्या फेरीत गेली होती. काठावरून गेली होती, पण गेली होती. या स्पर्धेत जुनी रीत होती. पहिल्या फेरीतली एक रचना परीक्षक स्वतः निवडून पुन्हा वाजवायला सांगायचे, आणि बहुधा जी अंगावर आली तीच निवडायचे. नेस्तानला तीच मिळाली होती. शनिवारी, चार वाजता.

लामारानं छातीवर क्रूस काढला. "शनिवारी मी त्या गुलिकोच्या तोंडात बोळा कोंबूनच घेऊन येते."

"नाही," नेस्तान म्हणाली. "शनिवारी तू येऊ नकोस, बेबो. कुणीच येऊ नका. ती माझ्याकडे बघणारी परकी माणसं मला चालतील. त्यांनी माझं काही ऐकलेलं नाही."

आपल्याच घरात, आपल्याच नातीनं दार दाखवावं! लामाराचा संताप असा उसळला की ती तशीच खाली गेली. गुडघे दुखत होते तरी जिन्यानं गेली. लिफ्टच्या डब्याला नाणं द्यायचंही तिच्या जिवावर आलं होतं. मनात एकच चाललं होतं. मी येऊ नको? या पियानोसाठी मी कानातले विकले. त्या पोरीच्या बोटांना मलम मी लावलं. आणि मी येऊ नको? आणि त्यामागून हळूच दुसरं यायचं, की तो हात तुझाच होता, लामारा. तो विचार ती ढकलून द्यायची. तो परत यायचा.

खाली बाकावर सगळी मंडळी जमलीच होती. सूर्यफुलाच्या बिया फोडत निकाल लावणं चाललं होतं. लामारानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाकूड, खुंट्या, अर्धा सूर. स्वतःच्या कपाळाचं तेवढं वगळलं.

तिला वाटलं, आता यांच्या माना खाली जातील. एकाचीही गेली नाही.

"असं कसं?" गुलिको म्हणाली. "वर्षभर मी तो सूर ऐकते. तो खोटा? माझ्या कानांना ठाऊक आहे खरा कुठला. सभागृहातला पियानोच बिघडलेला असणार. सरकारी वस्तू ती."

"कागदावर लिहिलंय, बाई."

"कागदावर काय वाट्टेल ते लिहितात. आमच्या जन्मतारखासुद्धा चुकीच्या लिहिल्यात."

ओतारीनं बी थुंकली आणि शहाण्यासारखी मान डोलावली. "हे बघ लामारा. एवढी आपण माणसं, एवढे आपले कान. सगळे खोटे आणि एक पोर खरी? पोरीला वाईट वाटलं म्हणून तिनं तुला गोष्ट सांगितली. पोरं सांगतात. पण आपण तिच्या पाठीशी आहोत. शनिवारी सगळे जाऊ. मी माझ्या भावालाही घेतो. पुन्हा त्या जागी आली की आपण आधीच श्वास धरायचा, म्हणजे तिला आठवेल."

"काय आठवेल?"

"की इथं जपायचं."

लामारा त्यांच्याकडे बघत राहिली. ही तिचीच माणसं होती. लग्नाला, मयताला, आजारपणाला धावून येणारी. पोरीचं वाईट चिंतणारं यांच्यात कुणी नव्हतं. आणि शनिवारी ती सगळी प्रेमानं रांग धरून बसणार होती आणि प्रेमानं श्वास धरणार होती. पोरीच्या गळ्याला फास लागायला यापरतं काय हवं? चूक म्हणजे काय, हे यांना ठाऊकच नव्हतं. सवयीला धक्का बसला की हे त्याला चूक म्हणायचे. आणि आपण? आपण तरी दुसरं काय केलं?

जाऊ नका म्हणून सांगून ती ऐकणारी नव्हती. उलट, जाऊ नका म्हटलं असतं तर नवव्या मजल्यावरचा लंगडासुद्धा निघाला असता. लामारा ते जाणून होती. भट्टीवर तिनं माणसं पाहिली होती.

"शनिवारी माझ्याकडे जेवण आहे," ती म्हणाली. "चार वाजता. सगळ्यांनी यायचं."

बिया फोडायच्या थांबल्या.

"चार वाजता?" गुलिको म्हणाली. "अगं, चार वाजता तर पोरीचं वाजवणं आहे."

"आहे. आणि चार वाजता मांस भरलेल्या खिंकालीही आहेत. मी वळणार, माझ्या हातानं. तुला हवं तिकडे जा."

"पण निमित्त काय?"

"निमित्त कशाला हवं? माणूस मेल्यावरच त्याच्या घरी जेवायला यायचं असतं का?" मग ती ओतारीकडे वळली. "तमादा तू."

ओतारीच्या हातातला फासा खाली पडला. पंगतीत पेला उंचावून बोलायचा मान, ज्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, प्यायचं नाही, तो मान ओतारीला त्याच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नापासून कुणी दिला नव्हता. त्या लग्नात तो पूर्वजांवर बोलायला उभा राहिला होता, आणि पूर्वज संपेपर्यंत सूप गोठलं होतं. त्या दिवसापासून लोक त्याला लांब ठेवायचे. लामाराला नेमका हाच ओतारी हवा होता.

"भावाला आण," ती म्हणाली. "त्यालाही बोलू दे."

शनिवारी सकाळपासून तिनं पीठ मळलं, मांस बारीक केलं, कोथिंबीर चिरली. नेस्ताननं हे सगळं पाहिलं. "पाहुणे आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत."

"किती वाजता?"

"चार."

पोरीनं मांडलेल्या ताटांवरून नजर फिरवली. सगळ्या इमारतीला पुरतील एवढी होती. "अंडं खाऊन जा," लामारा म्हणाली. आणि पोरीनं खाल्लं.

चार वाजता टेबल असं भरलं होतं की ताटाखाली टेबल दिसेना. वांग्यात अक्रोड भरलेले, चिजाच्या भाकऱ्या, आलुबुखाऱ्याची आंबट चटणी, आणि मध्ये वाफाळलेल्या खिंकालींचा डोंगर. ओतारी जावयाच्या कोटात उभा राहिला. देवापासून सुरू केलं. देवावरून शांततेवर आला, शांततेवरून मातृभूमीवर, मातृभूमीवरून आईबापांवर. भावानं प्रत्येक ठिकाणी भर घातली. गुलिकोनं मध्येच फोन काढला, की सभागृहातलं थेट दिसतं म्हणे. लामारानं तो तिच्या हातातून घेतला आणि पिठाच्या डब्यात टाकला.

"वेडी आहेस का? माझा फोन!"

"तमादा बोलतोय. तोंड बंद."

"खराब होईल तो."

"होऊ दे. त्याच्यावरही चमचा वाजव."

ओतारी मेलेल्यांवर आला तेव्हा लामाराच्या लक्षात आलं, आता पोर आत गेली असेल. आता बसली असेल. आता सुरुवातीची ती हळू पावलं टाकत असेल. हे सगळे इथं खिंकालींचा रस ओढत होते, आणि तिथं ती एकटी होती. एकटी नव्हती, परक्यांत होती. आणि परके बरे, असं पोरच म्हणाली होती. तो वरचा सूर कसा निघत असेल ते लामारानं मनात ऐकून बघितलं. लख्ख सूर काही येईना. जुनाच आला, झुकलेला, दुखरा. तिनं पुन्हा बघितलं, पुन्हा तोच आला. कानालाही बुद्धी थोडीच असते! त्यालाही सवय असते, आणि वर सवयीची मिजास असते. तिला स्वतःची चीड आली, गुलिकोची आली, शोपेनचीही आली. एवढ्या वर कशाला जायचं होतं मेल्याला?

"गेलेल्यांच्या नावानं!" ओतारी म्हणाला. सगळे प्याले. लामारा प्यायली नाही. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर दाबून धरले होते. कपाळाकडे जाऊ नयेत म्हणून, तेही पोर बघायला नसताना.

दिवस कलला तरी ओतारी चालूच होता. दारात किल्ली वाजली. नेस्तान आली. केस कपाळाला चिकटलेले, कोट हातावर. सगळ्यांच्या माना तिच्याकडे, आणि प्रत्येक तोंडावर ते मऊ, ओलं, वरून खाली बघणारं प्रेम.

ओतारी पुन्हा उठला. त्याला यासारखी संधी मिळणार नव्हती. "आणि आता," तो म्हणाला, आणि त्यानं पेला नेस्तानकडे धरला, "आता आपल्या पोरीच्या नावानं. पोरी, चूक कुणाच्या हातून होत नाही? मोठमोठ्यांच्या झाल्या. तू त्या दिवशी त्या जागी चुकलीस म्हणून आमचं प्रेम कमी झालं का? नाही झालं. आम्ही सगळ्यांनी तुला मोठ्या मनानं..."

"खाली बस," लामारा म्हणाली.

ओतारीला वाटलं, त्याच्या भावाला म्हणाली.

"तुला सांगते, ओतारी. खाली बस. मोठं मन आधी घरी ठेवून ये."

तमादाला पेला हातात असताना कुणी तोडत नाही. मयताच्या पंगतीतही तोडत नाहीत. ओतारीच्या भावाचा घास हातातच राहिला. कुणाचा तरी चमचा ताटात पडला.

"माफी कसली देतोस तू तिला?" लामारा उभी राहिली होती. "भट्टीतला पाव जळला तर मी जाळला म्हणून सांगायचे मी, आणि परत थापून द्यायचे. पण चांगला भाजलेला पाव हातात घेऊन 'जळला, जळला' म्हणून ओरडणारं गिऱ्हाईक मी दारात उभं केलं नाही कधी. आज तुम्हाला टेबलाशी बसवलंय, तेही तुम्हाला तिथं जाता येऊ नये म्हणून. कळलं? खिंकाली तुमच्या मायेनं वळल्या नाहीत मी. आणि ऐका. तो सूर बरोबर होता. आणि त्या दिवशी कपाळावर हात मारला तो मी. गुलिकोच्या 'वाय'नं पोर पडली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पडली. माफ करायचंय कुणाला तर मला करा. नसेल करायचं तर त्या खिंकाली खाली ठेवा आणि घरी जा."

कुणीच खाली ठेवलं नाही. पण कुणी खाल्लंही नाही.

"मी कशाला खाली ठेवू?" गुलिको हळूच म्हणाली. "मी पाहुणी आहे. आणि माझा कान मला सांगतो..."

"तुझा कान नळाला लावून लावून गंजलाय, गुलिको. खा."

गुलिको खायला लागली.

नेस्ताननं कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आजीच्या बाजूला बसली. ताट ओढलं, एक खिंकाली शेंडीला धरून उचलली, चावली, रस ओढून घेतला. दुसरी उचलली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, जणू आता तिथूनच निकाल बाहेर पडणार.

"आज चुकले मी," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"बघा!" गुलिको. "मी म्हटलं नव्हतं?"

"त्या जागी नाही. शेवटी, पळताना. दोन ठिकाणी खरंच गेलं हातातून. पुढे एक मफलरवाला बसला होता, त्यानं पुस्तकात पेन्सिलीनं खूण केली, मला दिसली." तिनं बोटं चाटली. "पण मी थांबले नाही. मला वाटलं, गेलं ते गेलं."

लामाराच्या अंगातून पुन्हा ठिणगी गेली. "पेन्सिल? त्या मफलरवाल्याला मी त्याच पेन्सिलीनं..."

"बेबो," नेस्तान म्हणाली. "खरी चुकलेय. ती माझी चूक आहे. तेवढी तरी मला ठेवू दे."

लामारानं तोंड मिटलं. मिटायला जोर लागला, पण मिटलं.

"निकाल मंगळवारी आहे," पोर तिसरी खिंकाली शोधत म्हणाली. "सभागृहातच सांगणार. मानाना मास म्हणतात, पहिला नंबर नाही यायचा. बाकी काय होईल ते कळत नाही. तू येतेस?"

"माझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांना नाही विचारलं."

लामारानं तिच्या ताटात आणखी तीन खिंकाली वाढल्या, सगळ्यांत मोठ्या बघून. "येईन," ती म्हणाली. "मागे बसेन. आणि ही गुलिको आली तर हिला बाहेर कोट सांभाळायला बसवेन."

गुलिकोनं ते ऐकलं नाही असं दाखवलं. ओतारी अजून पेला हातात घेऊन अर्धा उठलेला, अर्धा बसलेला होता. त्याचा हात दुखायला लागला असावा.

"लामारा," तो म्हणाला, "मग मी माझं पुरं करू की नको?"

"थांब," लामारा म्हणाली. "पोर जेवतेय."